छाया घरी गेली

पोरांची परीक्षा घ्यायची सोडून त्यांच्या छायांची परीक्षा घ्यायला लागले, त्या पहिल्याच वर्षी आरोही खिलारेचा नंबर लागला. नंबर लागला म्हणजे पाळी आली. प्रवेशाचं पुढं सांगतो.

वाघदऱ्याचं शासकीय तंत्रविद्यापीठ तसं लहानच. डोंगराच्या पायथ्याला चार इमारती, त्यातल्या दोन गळक्या, एक कॅन्टीन, आणि विद्येनं माणूस कसा मोठा होतो ते सांगणारी, अर्धी अक्षरं पडलेली कमान. पण फी सरकारी. आसपासच्या तालुक्यांतल्या ज्या पोरांना डोकं होतं आणि खिसा नव्हता, त्यांना जगात हे एवढं एकच दार होतं. खाजगी कॉलेजांत छाया-बिया काही लागत नव्हती. तिथं फक्त पैसा लागत होता.

त्या दाराबाहेर पत्र्याच्या शेडखाली अंकुश खिलारे मांडीवर क्लॅरोनेटची पेटी घेऊन बसला होता. खडकेपेठेच्या नवनाथ ब्रास बँडचा तो मास्तर. शेजारच्या बाईनं विचारलं, "पोरीच्या परीक्षेला वाजंत्री कशाला आणलीय?"

"हितनं डायरेक परण्याला जायचंय. पोरीसाठी मी थांबतो, नवरदेव थांबत न्हाई."

तेवढ्यात आरोही बाहेर आली. केस टाळूला चिकटून बसलेले.

"आबा, बघ माझे केस! डोक्याला गोंद लावून पाठवलंय मेल्यांनी."

"पास का नापास?"

"अरे, पास-नापास नसतं ह्यात. डोक्यावर टोपी चढवतात आणि विचारत बसतात. उद्या पेपर आहे, खोलीतली मैत्रीण तापानं फणफणलीय, काय करशील? मास्तरनं भर वर्गात अपमान केला, काय करशील? घरनं फोन आला, काय करशील?"

"मग काय सांगितलंस?"

"कशाला?"

"घरच्या फोनला."

"घेईन म्हटलं. दुसरं काय म्हणू?" ती हसली, आणि त्याच्या मांडीवरची पेटी उचलून चालायला लागली.

आई गेल्यापासून ती बापाला अरे-तुरेच करायची. मंगल गेली तेव्हा पोर पहिलीत होती. त्यानंतर अंकुश पीत सुटला. वरातीत वाजवायचं, वरातीतली प्यायची आणि पेठेत जिथं जागा मिळेल तिथं पडायचं. एकदा तो गटारीच्या कडेला दुपारी शुद्धीवर आला, तर उशाशी आरोही. हातात त्याचीच चप्पल. त्याचं तोंड चाटायला येणारी कुत्री हाकलत पोर सकाळपासून बसली होती. शाळेचा गणवेश अंगावर तसाच. अंकुशनं तिथंच तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली.

डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ काय असते, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. मोडली तर ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याचं मरण. खरं का खोटं, कोण जाणे. कुणी मोडून बघत नाही एवढंच. अंकुशनंही बघितली नाही. वरातीत ग्लास पुढं आला की तो पालथा घालायचा. बँडवाले चेष्टा करायचे, "आमचा मास्तर चहावर सूर लावतो." तो म्हणायचा, "लावतो की. तुमच्यासारखा दारूवर घसरत तर न्हाई."

निकाल आला. प्रवेश नाही. फेरचाचणी दीड महिन्यानं. खाली एक ओळ होती, की पालकांनी समुपदेशकांना भेटावं.

"मी येत नाही," आरोही म्हणाली. "तिथं मला रडू आलं तर ते पण मोजतील."

म्हणून अंकुश एकटा गेला. प्रवेशाचं काम डॉ. गद्रे मॅडमकडं होतं. मॅडम वाईट नव्हत्या. वाईट माणसं भेटली तर भांडता येतं. अंकुशच्या नशिबी चांगली माणसं आली.

"गुणांचा प्रश्न नाही हो," त्या म्हणाल्या. "गुणांत ती पहिल्या विसात आहे."

"मग नडलं कुठं?"

मॅडमनी पडदा त्याच्याकडं वळवला. पडद्यावर आठ चौकोन ओळीनं, आणि दिव्याभोवती चिलटं जमावीत तसे हजारो ठिपके पहिल्या चौकोनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकत होते.

"ह्या सगळ्या आरोही," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी जे समजावलं ते असं. टोपी घालून जे प्रश्न विचारतात, त्यांच्या उत्तरांना किंमत नसते. उत्तर खोटंही देता येतं. टोपी बघते ते उत्तराआधीचं अडखळणं. कुठं जीव आखडला, कुठं नाडी चुकली, कुठं उत्तर मनात आधीच तयार होतं. अशा शेकडो फाट्यांवर माणूस कुठं वळतो ते कळलं, की त्याच्या वळण्याचा एक नमुना तयार होतो. तीच छाया. मग त्या छायेला संगणकातल्या वाघदऱ्यात सोडायचं. तिथं जुन्या पोरांच्या अनुभवावरून सगळं भरलेलं असतं. कडक मास्तर, वसतिगृहातली कावीळ, मेसचं पाणी, घरची दुखणी. छाया चार वर्षं शिकते. एकदा नाही, हजारो वेळा, दर वेळी नशीब थोडं निराळं. इकडं मॅडमचा चहा संपायच्या आत तिकडं सगळ्यांची पदवी होते. किती छाया शेवटच्या चौकोनापर्यंत पोचल्या, त्यावर प्रवेश.

अंकुश बघत होता. चार चौकोन ठिपके धडाधड पुढं गेले. पाचव्यात शिरले आणि थवाच्या थवा खाली वळून पडद्याबाहेर गेला.

"ह्या कुठं चालल्या?"

"घरी."

"का?"

"पाचव्या सत्राच्या सुमाराला वडिलांचं दुखणं निघतं. तुमचं वय, साखर, रक्तदाब, फुंकायचा धंदा, सगळं सरकारी आरोग्यखात्यात नोंदलेलं आहे. मशीन ते वाचतं. घरून फोन येतो. फोन आला की ती जाते."

"जाणारच की! लेक हाय माझी."

"तेच तर," मॅडम हळू म्हणाल्या.

त्या मशीननं जात विचारली नाही म्हणून पेपरवाल्यांनी त्याचं केवढं कौतुक केलं होतं. जात नाही, धर्म नाही, बापाची मिळकत नाही, संपला भेदभाव! मशीन एवढंच विचारायचं, की घरी कोण आजारी पडलं तर दुसरं बघणारं आहे का? आता ज्या घरात दुसरं बघणारं नसतं, ती घरं कुठल्या वस्तीत असतात, हे सांगायला मशीन कशाला पाहिजे?

मॅडमनी कारणही सांगितलं. चार वर्षांत जेवढी पोरं पदवी घेऊन बाहेर पडतील, तेवढ्यांचाच खर्च सरकार द्यायचं. मधनं गेलेल्या पोराचा खर्च विद्यापीठाच्या डोक्यावर. गळती वाढली म्हणून गेल्याच वर्षी एक शाखा बंद झाली होती, दुसरी बंद व्हायच्या वाटेवर होती. "मी मशीनची बाजू घेत नाही, खिलारे. पण दार बंद होण्यापेक्षा अरुंद झालेलं बरं, असं आम्ही ठरवलं."

अंकुश मांडीवरच्या क्लॅरोनेटच्या पेटीच्या कडीशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "मी आत्ताच मेलो तर?"

"अहो, काय बोलता!" मॅडम दचकल्या. आणि माणूस दचकला की खरं बोलतो. "त्यानंही नाही होत. दुःखातली मुलंही गळतात. खरं सांगू? सगळ्यात टिकतात ती घरच्यांशी तोडून आलेली. ज्यांना परत जायला जागाच नसते." बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो. "हे आपलं आकडेवारीतलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"तिला सांगितलं, जरा नाटक कर म्हणून, तर?"

"तिला माहीत असलं की टोपीला कळतं."

अंकुश उठला. मॅडमना नमस्कार करून निघाला. फाटकाच्या कमानीखाली जरा थांबला आणि वरची पडकी अक्षरं वाचून बघितली. लागेनात.

बँडच्या दुकानात इलाही मुलाणी ढोलाच्या दोऱ्या ताणत बसला होता. अंकुशचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दोरी सोडून दिली.

"अंक्या, तू येडा झालास. त्यापेक्षा पोरीला सांग, बापावरचं प्रेम जरा कमी कर."

"प्रेमाला काय नळ असतो व्हय, बंद कर म्हणायला?"

"मग?"

"नळ नसला तर पाईप तोडायचा."

"मार मग एखादी. कानफटात दे, तोंडाला येईल ते बोल."

"आपली पोरं मार इसरत्यात, इलाही. दुसऱ्या दिवशी जेव म्हणून ताट वाढत्यात. ती इसरणार न्हाई असं एकच हाय माझ्याकडं."

इलाहीला कळलं. "अरे, तिच्या डोक्यावर हात ठेवलावता तू."

"म्हणून तर."

"आणि दारू पुन्हा सोडवली न्हाई तर?"

"नाटक हाय ते. नाटक संपलं की पडदा पाडायचा."

इलाही म्हणाला, "नाटकात दारूच्या बाटलीत चहा असतो, मास्तर. तू चहा पिऊन पोरीला फसवशील? ती लांबनं वास वळखती."

हे अंकुशलाही ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात पेठेतल्या भुसारवाल्याच्या पोराची वरात होती. भर दुपार. नाचणाऱ्या पोरांनी आपापले उडते स्पीकर आणलेले, ते डोक्यावर घोंगावत होते. पण नवऱ्याच्या आजीचा हट्ट म्हणून बँड. दुपारी वरात असली की आरोही बापाचा डबा आणि साखरेच्या दुखण्यावरची गोळी घेऊन बाजारचौकात यायची. अंकुशनं ते धरूनच वरात चौकात आणली. नवऱ्याच्या चुलतभावापुढं जाऊन त्यानं हात केला.

"मास्तर, तुम्ही?"

"आण हिकडं. लगीन हाय का मयत?"

पहिला घोट गेला आणि घशानं जुना पाहुणा लगेच ओळखला. बसायला पाट दिला म्हणा ना. दुसरा ग्लास त्यानं न मागता घेतला.

"आबा?"

ती समोर उभी होती. हातात डबा.

"काय पितोयस?"

"दिसत न्हाई?"

तिला वाटलं, चेष्टा आहे. तिनं त्याच्या हातातला ग्लास घेऊन नाकाशी धरला. मग ज्या आवाजात बोलली तो आवाज पहिलीतल्या पोरीचा होता.

"माझ्या डोक्यावर हात ठेवून सोडली होतीस तू."

अंकुशनं वाक्य पाठ करून ठेवलं होतं. गेला आठवडाभर क्लॅरोनेट पुसता पुसता घोकलं होतं. ते त्यानं म्हटलं.

"मग? डोकं हाय की जाग्यावर. मेलीस का?"

कुणीतरी खिदळलं. वरातीत काहीही झालं तरी कुणीतरी खिदळतंच.

"तुझ्यापायी इतकी वर्सं त्वांड शिवून बसलो. काय मिळालं? त्या कॉलेजानं सुदिक तुला घेतलं न्हाई. जा, मावशीकडं जा, न्हाईतर कुठं बी जा. माझ्या उरावर बसू नकोस आता."

तिचा चेहरा त्याला बघवेना म्हणून त्यानं क्लॅरोनेट तोंडाला लावलं. त्या दिवशी तो जसा वाजला तसा जन्मात वाजला नव्हता. नवऱ्याची आजीसुद्धा नाचली. फुंकता फुंकता त्यानं डोळ्यांच्या फटीतून बघितलं. आरोहीनं डबा रस्त्याच्या कडेला ठेवला. आपटला नाही. झाकण सरळ केलं, गोळीची पुडी वर ठेवली, आणि गेली. आपटला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

मावशीच्या घरून तिनं फेरचाचणी दिली.

दोन दिवसांनी गद्रे मॅडमचा फोन आला. आवाज कापरा. "खिलारे, काय केलंत तुम्ही? सगळे ठिपके सरळ गेले. पाचव्यात एकही वळला नाही. घराकडची ओढ दीड महिन्यात अशी... सुरीनं कापल्यासारखी."

"तुमी सांगितलं तेच केलं."

"मी कुठं सांगितलं?"

"बरं, न्हाई सांगितलं." तो थांबला. "घेतलं न्हवं पोरीला?"

"घेतलं. फी माफ आहे. पण दर सत्राला छाया पुन्हा घेतात. ओढ परत वाढली तर सवलत जाते." मॅडमनाही आपण काय बोलतोय याची लाज वाटत असावी, आवाज खाली गेला. "पदवी होईपर्यंत तिला कळू देऊ नका."

म्हणजे नाटक चार वर्षांचं झालं.

आरोही ट्रंक न्यायला एकदा घरी आली. अंकुश दारात बसला होता. ती त्याला ओलांडून आत गेली, ओलांडून बाहेर आली. जाताना आईच्या फोटोच्या पाया पडली. त्याच्या नाही. तो पीत होता, आणि त्या वेळी तरी ते दाखवायलाच पीत होता असं त्याला पुढं बरेच दिवस वाटत राहिलं.

पुढं दाखवायला कुणी नव्हतं तरी तो पीत राहिला. दारूला काय ठाऊक नाटक कुठं संपतं? इलाहीनं दोनदा बाटल्या फोडल्या, एकदा त्याला बांधून घातला. अंकुश रडायचा, उद्या सोडतो म्हणायचा. कुणाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, ते डोकं घरात नव्हतं. बँडच्या सुपाऱ्या तुटत गेल्या. खोटं बोलायला एकदा तोंड उघडलं होतं, ते खरं होऊन बसलं. आता कुणी आरोहीला विचारलं असतं, बाप कसा आहे, तर दारुडा आहे हे तिनं खरंच सांगितलं असतं.

आणि मशीन तेवढं चुकलं नाही. आरोहीचं पाचवं सत्र चालू होतं तेव्हा एका हळदीत वाजवता वाजवता अंकुशचा सूर फाटला. उजवा हात कळांवरून घसरला, ओठ एका बाजूला गळाला. लोकांना वाटलं, जास्त झाली. जास्त झाली समजून त्याला मांडवाच्या कोपऱ्यात निजवला, आणि मोलाचा वेळ तिथंच गेला. दारुड्याचं दुखणं कुणाला दुखणं वाटत नाही.

सरकारी दवाखान्यातनं इलाहीनं आरोहीला फोन लावला. तिनं उचलला.

"पोरी, बाप पडलाय. अंग गेलंय, वाचा गेलीय. ये."

पलीकडं वही मिटल्याचा आवाज आला. मग, "चाचा, मला बाप नाही. उद्या माझा पेपर आहे."

"आगं, ऐक तर! तुला ठाऊक न्हाई, त्यानं..."

खाटेवरून डावा हात आला आणि इलाहीच्या सदऱ्याला धरला. अंकुशला शब्द फुटत नव्हता. डोळे मात्र सगळं बोलत होते. इलाही पोराबाळांचा माणूस. त्यानं ते डोळे बघितले आणि फोन बंद केला. मग दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन त्यानं विद्यापीठाला, सरकारला, टोपीला आणि टोपी शोधणाऱ्याच्या सात पिढ्यांना अशा शिव्या घातल्या, की परिचारिका बघायला बाहेर आली.

वाघदऱ्यात त्या सत्राचा अहवाल लागला. गळती घटली. छाया-पद्धतीचा सत्कार झाला, शाल आणि श्रीफळ. जी पोर बापाला बघायला गेली नाही, ती त्या यशातला एक आकडा होती.

अंकुशची वाचा थोडी परत आली. मोजके चार-पाच शब्द. हां, नको, चहा, ये. इलाही म्हणायचा, "एवढ्यावर माणूस लगीनसुद्धा करू शकतो." इलाहीची बायको भाकरी पाठवायची. क्लॅरोनेटची पेटी फळीवर होती. अंकुश ती उतरवू द्यायचा नाही. दारू मात्र आपोआप सुटली. डाव्या हातानं बाटली उघडता येत नव्हती आणि इलाही उघडून देत नव्हता.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षा झाल्यावर, एका सकाळी इलाही त्याची नखं कापत होता, तेव्हा दारात सावली पडली.

आरोही आत आली नाही. उंबऱ्याशी उभी राहिली, चपला पायातच. वाळली होती. चष्मा लागला होता. बापाच्या वाकड्या तोंडाकडं, मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताकडं बघत राहिली.

"ये," अंकुश म्हणाला. नशीब, हा शब्द त्याच्याजवळ होता.

ती आली आणि लांब, भिंतीला टेकून बसली. "कसे आहात तुम्ही?"

'तुम्ही' ऐकून इलाहीनं नेलकटर खाली ठेवला आणि चहा टाकतो म्हणून उठला.

"मी शेवटच्या वर्षी छायांच्या प्रयोगशाळेत काम केलं," आरोही सांगायला लागली. बापाकडं न बघता, प्रयोगवहीतलं वाचून दाखवावं तशी. "जुन्या छाया तिथं जपून ठेवतात. माझ्या पहिल्या दोन काढून बघितल्या. दोन्हींत दीड महिन्याचं अंतर, आणि दोन्ही एका माणसाच्या वाटत नव्हत्या. मी गद्रे मॅडमना विचारलं. त्या रडायला लागल्या. मग मला सगळं कळलं."

अंकुशच्या चांगल्या डोळ्यातून पाणी गळायला लागलं. वाईट डोळा तर कायमच गळायचा.

"थांबा. ते नाही सांगायला आले मी. पहिली छाया पाचव्या सत्रात घरी जायची. तिथं मशीन थांबायचं. गळती, खेळ खलास. अनुदानाचा नियमच तसा, एक सत्र रिकामं गेलं की नाव कटलं. कुणी पुढं बघायचंच नाही. मी ती थांबायची अट काढली. आणि पहिल्या छायेला पुढं जाऊ दिलं."

आत चहाचं भांडं खणखणलं आणि गप्प झालं. इलाही ऐकत होता.

"ती घरी आली. तुम्हाला वेळेत दवाखान्यात नेलं. तिथं तुम्ही पीत नव्हता ना, म्हणून तुम्ही पडल्याबरोबर लोकांना कळलं. तिनं तुम्हाला बसवलं, चालवलं. आणि पुढच्या वर्षी ती परत गेली, आबा. हजारोंतल्या बहुतेक सगळ्या परत गेल्या. शिकल्या. पाच वर्षांत पदवी घेतली, चारांत नाही, एवढंच. एवढाच गुन्हा होता तिचा."

ती आता त्याच्याकडं बघत होती, आणि आवाज चढला होता.

"घरून फोन आला तर काय करशील, हे विचारलं सगळ्यांनी. परत येशील का, हे कुणी विचारलंच नाही. मशीननं नाही, मॅडमनी नाही. तुम्ही तरी विचारायचं! मी सांगितलं असतं. फोनही घेईन आणि परतही जाईन. मी तुमच्या उशाशी चप्पल घेऊन बसले होते, पण दुसऱ्या दिवशी शाळेतही गेले होते की नाही?"

अंकुश तोंड उघडून काहीतरी शोधत होता. शब्द फळीवर होता, हात पोचत नव्हता.

"वाटलं होतं, सगळं कळलं की राग जाईल. येताना गाडीत वाट बघत बसले होते, आता जाईल, मग जाईल. नाही गेला. चार वर्षं त्याच्यावरच जगले मी. तुमचा राग आला की अभ्यास व्हायचा." तिनं चष्मा काढून ओढणीला पुसला, उगीच. "चाचांचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेपर लिहिला. चांगला गेला. पहिली आले त्यात. ती घरी आली होती, आबा. मी नाही आले."

"आ... आलीस," अंकुश म्हणाला. हा नवीन शब्द होता. आत इलाहीच्या हातून कप सुटला.

"कशाला आले, माहीत नाही," ती म्हणाली. पण उठली, चपला काढून उंबऱ्याबाहेर ठेवल्या आणि त्याच्या पुढ्यात येऊन बसली. त्याचा उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्याचा असावा तसा. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला. जड होता. तिनं मान खाली घातली आणि तो हात आपल्या डोक्यावर ठेवला.

"घे शपथ," ती म्हणाली. "परत माझ्या भल्यासाठी माझ्याशी खोटं बोलणार नाहीस म्हणून. घे."

अंकुशनं शपथ घ्यायला जीव गोळा केला. हा हात या डोक्याला ओळखत होता. पोरीचे केस मंगलसारखे राठ, भांगाजवळ एक भोवरा, तो विंचरताना कायम अडायचा. त्यानं सगळा जीव बोटांच्या टोकांशी नेला आणि वाट बघितली. केस लागतील. टाळूची ऊब लागेल.

काही लागलं नाही. डोळ्यांना दिसत होतं म्हणून, नाहीतर आपला हात लेकीच्या डोक्यावर आहे, हे त्याला कळलंही नसतं.